पाहुणा रिकामा जाऊ नये

पाहुणे घरात असतानाचा त्रास एक वेळ परवडतो, पण ते गेल्यानंतरचा नको, असं किशोरीचं दोन वर्षांच्या अनुभवानंतरचं ठाम मत होतं. असतात तेव्हा निदान समोर असतात. गरम पाणी नाही म्हणाले की बंब पेटवता येतो, मासे नको म्हणाले की डाळ फोडणीला टाकता येते. गेल्यावर मात्र ही माणसं आपापल्या गावी बसून सहल आठवायला लागतात, आणि त्यावर कुणाचा काही इलाज चालत नाही.

ठाण्याच्या एका बाईंनी फोनवर लिहून पाठवलं होतं की तुमच्या हातचे कोंबडी-वडे अजून जिभेवर आहेत. त्या आल्या सोमवारी आणि गेल्या मंगळवारी सकाळी. सोमवारी या घरात कोंबडी शिजत नाही. कोंबडी त्यांनी खाल्ली मालवणात, किल्ला बघून परतताना, आणि कौतुक टाकलं किशोरीच्या पदरात. पुण्याच्या एका गृहस्थांना घराचा दरवाजा निळा आठवत होता. आणखी एकाने तर समुद्र उचलून घराच्या मागे नेऊन ठेवला होता. मिठबावात समुद्र पश्चिमेला आहे, घराचं तोंडही पश्चिमेला आहे, आणि पडवीत बसलं की माडांमधून तो सरळ दिसतो. चार दिवस त्या पडवीत पाय पसरून बसलेल्या माणसाला एवढंही आठवू नये? हे लोक येताना डोळे घरी ठेवून येतात की काय, असं ती नवऱ्याला विचारायची.

नवरा, दत्ताराम, बागाईतदार माणूस, स्वभावाने गार. तो म्हणायचा, "फोटो काढतत मां. मगे बघूक वेळ खंय गावता?"

किशोरीला यात हसण्यासारखं काही वाटत नसे. वेंगुर्ल्याहून शिकून आल्यावर तिने देवगडच्या एका रोपवाटिकेत सत्तावीस वर्षं आंब्याच्या कलमांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कुठलं कलम कुठल्या झाडाचं, कुणी बांधलं, कोणत्या तारखेला. एक नोंद चुकली की हापूस म्हणून नेलेलं झाड सात वर्षांनी भलतीच फळं देणार, आणि नेणारा माणूस भांडायला येणार तो किशोरीच्याच टेबलाशी. चुकीचं आठवणं म्हणजे तिच्या लेखी निव्वळ आळस. ती पाहुण्यांना उत्तरं पाठवायची: दरवाजा सागवानी आहे, निळा नाही, कळावे. एका बाईंनी त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली तेव्हा ती दिवसभर धुसफुसत होती.

नोकरी संपल्यावर दोघांनी बागेच्या कडेला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. घरात बोलायला माणूस नव्हतं, हे खरं कारण. ते दोघांनीही कधी तोंडाने काढलं नव्हतं.

गायीची भानगड पहिल्या वर्षीच्या माघात झाली. कोल्हापूरचं एक नवं जोडपं दोन दिवस राहून गेलं आणि आठवड्याने मुलीने लांबलचक मजकूर पाठवला. समुद्र छान, घावणे छान, आणि "काकांनी विहिरीत उतरून गाय वर काढली तो प्रसंग आम्ही जन्मात विसरणार नाही. ती वर आल्यावर थरथरत होती आणि काकूंनी तिला आपल्या लग्नातल्या शालीने पुसलं."

किशोरीने ते दोनदा वाचलं. घरात पंधरा वर्षं गुरं नव्हती. पण गाय पडली होती, हे खरं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, कपिली नावाची. आणि शालीने पुसलं होतं हेही खरं. त्यावरून सासू तिला महिनाभर बोलली होती. नवऱ्याला दोन दिवसांच्या पाहुण्यांपुढे घरातल्या गोष्टी उकरायची काय गरज, म्हणून ती तरातरा बागेत गेली. दत्ताराम माडाला खत घालत होता.

"पावण्यांका गायीची गजाल कित्याक सांगलास?" तिने विचारलं.

"कसली गाय?"

"कपिली. बावीत पडलली ती."

दत्तारामने घमेलं खाली ठेवलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. "आमची गाय कधी बावीत पडली गो?"

चोरी पकडली गेली की पुरुष असे भोळे होतात, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला आठवण करून दिली: कुणाकडून दोर आणला, कोण कोण ओढायला होतं, त्याच्या मांडीला विहिरीचा दगड कसा लागला. तो ऐकत होता. परक्या गावातली बातमी ऐकावी तसं. शेवटी म्हणाला, पाहुण्यांशी आपण पावसाळ्याखेरीज कशावर बोललोच नाही, आणि ही गाय आपल्याला आठवत नाही. किशोरी चिडून परत आली. साठीला टेकलेला माणूस, विसरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मग त्या पोरीला सांगितलं कुणी, हा प्रश्न भातातल्या खड्यासारखा दाताखाली येत राहिला.

पुढची खेप तिची होती. नाशिकचे एक निवृत्त ओव्हरसियर सपत्नीक येऊन गेले. सरळ माणूस, मोजकं बोलणारा. महिनाभराने त्यांचा फोन आला. सहज केला म्हणाले. अजूनही कधीकधी नाकात जळक्या गवताचा वास येतो म्हणाले. "तुमचा तो मांगर पेटला तेव्हा मला वाटलं, आता घर जातंय. तुमच्या सासूबाईंचं धैर्य मात्र मानलं. पदर खोचून उभ्या होत्या, आणि तुम्ही घागर घेऊन सरळ आत."

सासूबाई जाऊन सोळा वर्षं झाली होती. मांगर, म्हणजे बागेतली गवत-अवजारांची खोप, चांगला धडधाकट उभा होता. किशोरीने कसंबसं बोलून फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. आता ही माणसं घराला आगसुद्धा लावायला लागली, असं ती नवऱ्याला सांगू लागली, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"तेंका कसा कळला?" तो हळूच म्हणाला. "शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मांगर जळललो. तूच घागर घेवन धावलंस."

"मी?"

दत्तारामने तिचा डावा हात धरून कोपराच्या वर बोट ठेवलं. तिथे नारळाच्या फोडीएवढा जुना, सुरकुतलेला डाग होता. किशोरीने तो रोज आंघोळीला पाहिला होता. तो कसला, हे आपण किती दिवसांत स्वतःला विचारलंच नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. विचारलं, तर उत्तर नव्हतं.

तिला पहिल्यांदा आला तो रागच. कुणीतरी आपल्या कपाटात हात घालावा तसा राग. आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना. ओव्हरसियर बिचारा सभ्य. तो काही चोरून घेऊन गेला नव्हता. त्याच्या डोक्यात ते होतं, एवढंच.

मग तिने तिला येत होतं ते केलं. दोनशे पानी वही आणली आणि नोंदी सुरू केल्या. क्रमांक, साधारण तारीख, काय घडलं, कोण कोण होतं. पाहुणे यायच्या आधी लिहायचं, ते गेले की पुन्हा वाचायचं. दोन महिन्यांत ऐंशी नोंदी झाल्या. त्यांतल्या पहिल्या चाळीस संचिताच्या होत्या.

संचिता ही त्यांची मुलगी. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली आणि आठव्या वर्षी, कापणीचे दिवस चालू असताना, चार दिवसांच्या तापाने गेलेली. त्याला अकरा वर्षं झाली होती. तिचे फोटो तीनच होते आणि तिन्ही शाळेच्या घोळक्यातले, चेहरा नखाएवढा. पाहुणे एकेका सूर्यास्ताचे दीडशे फोटो काढायचे तेव्हा किशोरी आत जाऊन भांडी आपटायची, ती याच कारणाने. तिच्याजवळ संचिताचं जे काही होतं ते डोक्यात होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं. ते जाता कामा नये. बाकी गायी न्या, मांगर न्या, सासूसुद्धा न्या, एवढं एक नेऊ नका, असं ती वहीवर हात ठेवून मनात म्हणायची. कुणाला म्हणायची ते तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात सांगलीचं एक कुटुंब राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने पडवीत बसून वही उघडली. एक ते आठ ठीक. नववी नोंद अशी होती: "संचिता, वय पाच. कुणकेश्वरची जत्रा. खाजं संपेपर्यंत घरी येणार नाही म्हणून रस्त्यातच बसली. एस्टी चुकली. ह्यांनी खांद्यावरून आणलं. वाटेत झोपली, मुठीत खाजं तसंच."

अक्षर तिचं होतं. 'जत्रा'तला 'ज' ती काढायची तसाच. बाकी काही नव्हतं. रस्ता नाही, गर्दी नाही, मुठीतलं खाजं नाही. तिने डोळे मिटून खूप वेळ शोधलं. मग दत्तारामला हाक मारली आणि वाचून दाखवलं. त्याला सगळं आठवत होतं. तो सांगायला लागला तशी ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की आपण कपिलीची गोष्ट ऐकणाऱ्या दत्तारामसारख्या बसलो आहोत.

पंधरा दिवसांनी सांगलीहून मजकूर आला. धाकट्याला अजून तुमच्या जत्रेतलं खाजं आठवतं, झोपेतही मूठ उघडत नाही.

आता मात्र तिचा संयम सुटला. ती तडक गंगाराम दाजींकडे गेली. दाजी म्हणजे वाडीतले सगळ्यांत वयस्क; नवं घर असो, नवी होडी असो, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. खोल्यांच्या उद्घाटनालाही बागेच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या दगडाजवळ नारळ ठेवून त्यांनीच गाऱ्हाणं घातलं होतं. तेव्हा किशोरीचं लक्ष जेवण गार होत होतं त्याच्याकडे होतं. पण शब्द तिच्या कानावर पडले होते. लोक देवाकडे आपल्यासाठी मागतात. दाजींनी आतिथ्याच्या भरात पाहुण्यांसाठी मागितलं होतं. "बा राखणदारा, हंय जो पावणो येतलो तो रिकाम्या हातान जावक नये. तेच्या वांगडा हंयचा कायतरी जावक व्हया." पाहुण्याबरोबर इथलं काहीतरी जायला हवं, यावर सगळ्यांनी, किशोरी धरून, "व्हय महाराजा" म्हटलं होतं.

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिने दाजींना तसं आधी सांगितलं आणि मग ते गाऱ्हाणं मागे घ्यायला सांगितलं.

दाजींनी पान जुळवता जुळवता मान हलवली. "एकदा घातला ता घातला. देवाक काय परत दी म्हणान सांगतत? पावण्यांच्या हातात कायतरी दी म्हंजे झाला."

एवढंच निघालं त्यातून. किशोरी वाटभर पुटपुटत आली. ऐंशी वर्षांचा माणूस, शब्द तोलून वापरायला काय झालं होतं? तरी पुढच्या पाहुण्यांना तिने निघताना आमसुलं दिली, नारळ दिले, फणसपोळीच्या गुंडाळ्या दिल्या. ते खूश होऊन गेले. त्यानंतर वहीतली नोंद एकही गेली नाही. पण एवढ्यावर विसंबायला ती तयार नव्हती. तिने दत्तारामला सांगितलं की पाहुणे बंद. त्याने एका शब्दाने विरोध केला नाही. त्याच संध्याकाळी रस्त्यावरचा फलक काढून त्याने मांगरात उलटा करून ठेवला. दोघं रोज तिन्हीसांजेला वही घेऊन बसू लागली. ती वाचायची, तो आठवायचा, आणि मग ती आठवायची. अकरा वर्षांत त्या घरात संचिताचं नाव एवढ्या वेळा निघालं नव्हतं. बरं वाटत होतं असं नव्हे, पण हातात धरल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीनंतर, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला, दारात एक बाई उभी राहिली.

चाळिशीची असेल. अंगात मोटारसायकलवाल्यांचं जाड जाकीट, चेहरा धुळीने माखलेला. नाव अँजेला, वसईची. आजोळ वेंगुर्ल्याचं, म्हणून एकटीच किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीवरून निघाली होती, आणि गाडी बरोबर त्यांच्या गडग्यासमोर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणासमोर, बंद पडली होती. पाणी मिळेल का, म्हणाली.

आता दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायची सोय कोकणात नाही. किशोरीने गूळ आणि पाणी आणून दिलं, आणि मनातल्या मनात त्या गाडीच्या कंपनीला, वेंगुर्ल्याच्या आजोळाला आणि एकट्याने हिंडण्याच्या खुळाला, सगळ्यांना मिळून शिव्या घातल्या. दत्तारामने तिच्याकडे पाहिलं. मी लगेच मेकॅनिक घेऊन येतो म्हणाला आणि स्कूटर काढली. जाताना त्याने अँजेलाला सुचवून पाहिलं की समुद्रावर चक्कर मारून या. ती म्हणाली, फार दमले आहे, जरा इथेच बसते. पडवीच्या पायरीवर बसली. बरोबर मधल्या, संचिता बसायची त्या.

लगेच म्हणून गेलेला माणूस तीन तासांनी आला.

तोवर किशोरीने दाजींचं ऐकलं. पिशवी भरली: दोन नारळ, आमसुलं, फणसपोळी, वर घरच्या हळदीची पुडी. अँजेलाच्या मांडीवरच ठेवली. ती संकोचून म्हणाली, अहो काकू, एवढं कशाला, गाडीवर जागा नाही. किशोरी म्हणाली, न्यायलाच हवं. तिच्या आवाजात असं काही असावं की अँजेलाने मुकाट्याने पिशवी धरली.

मग दोघी बसल्या. बोलणं फारसं झालं नाही.

किशोरी समोर खांबाला टेकून बसली होती आणि तिने सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. वही उघडायची गरज नव्हती. ती मनात एकेक घेत होती. संचिता जन्मली ती पहाट. तिचं पहिलं अक्षर. एस्टीच्या काचेला कपाळ लावून बसण्याची तिची रीत. ओल्या केसांचा वास. ताप. चौथा दिवस. मग पुन्हा पहिल्यापासून. वही का लिहिली, फलक का काढला, कशाची भीती आहे, सगळं. एकही निसटू द्यायचं नाही. जत्रेत बायका गळ्यातल्या दागिन्यावर सारखा हात ठेवून बघतात ना, आहे की नाही म्हणून, तसं. चोराला नेमकं तेवढंच कळायला हवं असतं, हे जत्रेतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, आणि तरी हात जातोच.

अँजेला समुद्राकडे बघत होती.

मध्येच ती म्हणाली, "इथे फार शांत वाटतं."

किशोरी चौथ्या दिवसापाशी होती.

थोड्या वेळाने अँजेलाने डोळे पुसले. धूळ गेली म्हणाली.

एकच्या पुढे दत्ताराम मेकॅनिकला घेऊन आला. गाडी दहा मिनिटांत सुरू झाली. अँजेलाने सामान बांधलं, किशोरीचे दोन्ही हात हातात घेतले, फोन नंबर घेतला आणि निघाली. वळणावर एकदा थांबून तिने मागे पाहिलं, आणि मग गाडी दिसेनाशी झाली.

पिशवी गडग्यावर होती. सामान बांधताना तिथे ठेवली असणार.

किशोरीने ती पाहिली आणि तिचं डोकं फिरलं. एवढं प्रेमाने भरून द्यावं, आणि ही बया खुशाल विसरून जाते. आजकालच्या माणसांना कशाची किंमत म्हणून नाही. ती पिशवी उचलून आत आली, नारळ एक फोडला, आमसुलं भिजत घातली आणि सोलकढी केली. दोघं जेवली. मग ती चटई टाकून आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. दुपारची झोप तिला कितीतरी वर्षांत लागली नव्हती.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. दत्ताराम उशाशी बसून होता. किती वेळ कोण जाणे.

"बरा आसा मां तुका?"

"माका काय झाला?" ती केस बांधत म्हणाली.

"वही वाचूया?" त्याने विचारलं.

"कसली वही?"

दत्तारामच्या मांडीवर दोनशे पानी वही होती. त्याने ती मिटली. बराच वेळ तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, इतका की तिला पदर सारखा करावासा वाटला.

"काय नाय," तो म्हणाला. "कलमांची आसा."

कलमांच्या नोंदी याने कधीपासून ठेवायला घेतल्या, असं तिच्या मनात आलं. पण चहाची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी झाडू आणायला ती मांगरात गेली तेव्हा रस्त्यावरचा फलक तिथे उलटा पडलेला. तिने दत्तारामला चांगलं फैलावर घेतलं. हंगाम तोंडावर आला आणि फलक मांगरात? पाहुणे काय वास काढत येणार आहेत? त्याने फलक पुसला, पण लावला नाही. शेवटी तिनेच तो नेऊन खांबाला बांधला. हा माणूस दिवसेंदिवस विचित्र होत चालला होता. जेवत नव्हता. तिन्हीसांजेला एकटाच बागेत राखणदाराच्या दगडाजवळ जाऊन उभा राहायचा, आणि काय करता विचारलं तर म्हणायचा, "मागतंय." काय मागता, ते सांगायचा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अँजेलाचा मजकूर आला. लांबलचक. किशोरीने चष्मा लावला आणि पडवीत बसून, दत्तारामला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला घेतला.

"काकू, मी सुखरूप पोचले. तुमच्याकडची सकाळ मनातून जात नाही. तुमच्या संचिताला माझा गोड पापा द्या. कलमांना बांधतात तसल्या पत्र्याच्या चकत्या ती घरभर बांधत सुटली होती ना, मांजराला, केरसुणीला, बंबाला? मग माझ्याजवळ आली आणि माझ्या मनगटाला एक बांधली. तिच्यावर खिळ्याने 'आई' असं कोरलं होतं आणि खाली तारीख. मला मूल नाही, काकू. मी ते कुणाला सांगत नाही. पण तेव्हापासून मनगटाला ती तार टोचल्यासारखी वाटते. तिचा ताप उतरला का? मला तीच काळजी लागली आहे. आणि एक भीतीही बसली आहे, की यातलं काहीतरी मी विसरेन. म्हणून सगळं वहीत लिहून ठेवते आहे. चाळीस नोंदी झाल्या."

वाचून होईपर्यंत किशोरीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तीन तास पायरीवर बसली होती ती बाई. मांजर या घरात होतं तरी कुठे?

"बघलास?" ती म्हणाली. "अशी असतत ही माणसा."

दत्ताराम खांबाला धरून उभा होता. "परत वाच," तो म्हणाला.

"कित्याक?"

"परत एकदा वाच गो."

तिने पुन्हा वाचलं, वैतागून, भरभर. चकत्यांशी आली तेव्हा तिने मान वर केली, तर तो रडत होता. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. आता याला काय झालं? लोकांच्या पोरीसाठी रडायचं हे कुठलं वय?

त्याने काहीतरी बोलायला ओठ हलवले. ती वाट बघत राहिली. तिचा चेहरा झोप पुरी झालेल्या माणसाचा होता, शांत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेला. दत्ताराम त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने ओठ मिटले आणि तो पायऱ्या उतरून बागेत निघून गेला.

किशोरीने सुस्कारा टाकला. आधी त्या बाईचा निकाल लावायला हवा होता. उगाच कुणाच्या तापाची काळजी करत बसेल. तिने उत्तर लिहायला घेतलं. "आपण सुखरूप पोचलात, आनंद वाटला. मात्र आपला काही गैरसमज झाला आहे. आमच्या घरात लहान मूल नाही."

एवढं लिहून ती थांबली. हे पुरेसं नेमकं नव्हतं. नाही म्हटलं तर पूर्वी असेल असं कुणालाही वाटू शकतं. तिने शेवटचा शब्द खोडला आणि तिथे 'कधीच नव्हतं' असं लिहिलं. मग पाठवण्याआधी, सवयीप्रमाणे, चष्मा नीट करून सगळं पुन्हा एकदा तपासलं. चूक एकही नव्हती.